प्रवासाची चौकशी : मॉरिशसला उतरल्यावर

मॉरिशसबद्दलची बरीच पत्रं साठली होती म्हणून हा अंक त्या एकाच बेटासाठी ठेवला आहे. गंमत अशी, की किनारे कुठले चांगले हे फारसं कुणी विचारलेलं नाही. सगळ्यांना पडलेला प्रश्न एकच : विमान उतरलं, पुढे काय? मी सहलींचे गट घेऊन तिथे बरीच वर्षं जात होते, आणि माझा अनुभव असा की मॉरिशसची पहिली दुपार घरीच ठरते. पत्ता, गाडी आणि औषधं या तीन गोष्टी निघण्यापूर्वी नीट केल्या की विमानतळ सोपा आहे. त्या राहिल्या की सहा तासांच्या प्रवासानंतर तिथे उभं राहून त्या सोडवाव्या लागतात, आणि ते कुणाच्याच वाट्याला येऊ नये.

आम्ही दोघं निवृत्त शिक्षक. पहिल्यांदाच परदेशी निघालो आहोत. मुलाने तिकिटं आणि हॉटेल केलं आहे, पण व्हिसा काढलेला नाही, 'तिथे मिळतो' म्हणतो. विमानतळावर काय काय विचारतील? इंग्रजी येतं, पण मागे रांग असली की माझा गोंधळ होतो. हिला मधुमेह आहे, मला झोपेची गोळी लागते.
— एक वाचक, सांगली

सर, मुलगा बरोबर सांगतो आहे. भारतीय पासपोर्टवर पर्यटकाला मॉरिशसमध्ये उतरल्यावर विनाशुल्क ६० दिवसांपर्यंत राहण्याची परवानगी मिळते. आधी कुठल्या वकिलातीत जावं लागत नाही. पण 'तिथे मिळतो' याचा अर्थ 'विचारत नाहीत' असा घेऊ नका. परतीचं तिकीट, राहण्याचा पत्ता आणि खर्चाची सोय या तीन गोष्टी ते पाहू शकतात. खर्चाचा त्यांचा हिशोब माणशी दिवसाला किमान १०० डॉलर असा आहे. तेवढी रोकड खिशात हवी असं मुळीच नाही. हॉटेलचे पैसे भरल्याची पावती आणि चालू असलेलं एक आंतरराष्ट्रीय कार्ड जवळ ठेवा.

निघण्याआधी मुलाकडून एक अर्ज भरून घ्या. 'मॉरिशस ऑल इन वन ट्रॅव्हल डिजिटल फॉर्म' असं त्याचं नाव. इमिग्रेशनची आणि आरोग्याची माहिती त्यात एकत्रच भरायची असते. तो मॉरिशस सरकारच्या संकेतस्थळावर फुकट भरता येतो. तसाच दिसणारा अर्ज दाखवून पैसे मागणारी दुकानं इंटरनेटवर आहेत, त्यामुळे पैसे मागितले की ते पान बंद करायचं. अर्ज भरल्यावर क्यूआर कोड येतो. तो मोबाइलमध्ये असेलच, पण कागदावरही छापून घ्या. मोबाइलची बॅटरी नेमकी उतरल्यावर संपते, हे मी इतक्या जणांच्या बाबतीत पाहिलं आहे की कागदाशिवाय कुणाला सोडवत नाही.

आता गोंधळाचं. एका कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत, इंग्रजीत, चार ओळी लिहा : हॉटेलचं नाव, गावाचं नाव, हॉटेलचा फोन, परतीच्या विमानाचा क्रमांक आणि तारीख. हा कागद पासपोर्टमध्येच ठेवा. खिडकीपाशी पोचलात की पासपोर्ट, क्यूआरचा कागद आणि हा कागद असे तिन्ही एकदम पुढे करायचे. अधिकाऱ्याला जे विचारायचं असतं त्यातलं बहुतेक त्या चार ओळींत असतं. किती दिवस राहणार, कुठे राहणार, कशासाठी आलात, एवढंच विचारतात आणि तेही शांतपणे. दोघांनी मिळून एकाच खिडकीवर जा. शिक्का मारून पासपोर्ट परत आला की तिथेच त्यावरची तारीख वाचा. परतीच्या दिवसापर्यंतची परवानगी आहे ना, एवढं पाहा आणि मगच पुढे सरका.

रांगेची तयारी मात्र मनात ठेवा. टर्मिनल २०१३ सालचं आहे, मोठं आणि उजेडाचं. ट्रॅव्हलर्स पाम नावाच्या पंख्यासारख्या झाडावरून त्याची रचना घेतली आहे. पण युरोपची दोन-तीन मोठी विमानं आणि दुबईचं दुमजली ए-३८० मागेपुढे उतरलं की एका वेळी हजाराच्या घरात माणसं त्या दालनात येतात. अशा वेळी तास सहज जातो. विमानातून उतरण्यापूर्वीच स्वच्छतागृहात जाऊन या, पाण्याची बाटली जवळ ठेवा आणि बाईंच्या हातातल्या पिशवीत बिस्किटं असू द्या. घड्याळ दीड तास मागे करायचं आहे, त्यामुळे गोळीची आणि जेवणाची वेळ भारताच्या घड्याळाने चुकते. मधुमेहात ते सांभाळावंच लागतं.

औषधांबद्दल मी जरा कडकच बोलणार आहे. मॉरिशस अमली पदार्थांबाबत फार सावध देश आहे. आपल्याकडे सहज वापरली जाणारी काही औषधं, म्हणजे झोपेच्या गोळ्या, ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, तिथे नियंत्रित यादीत येतात. तुमची झोपेची गोळी मूळ पाकिटात, जितके दिवस राहणार तितकीच, आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्या. चिठ्ठीवर तुमचं पासपोर्टवरचं नाव, औषधाचं मूळ नाव आणि मात्रा हवी. शक्य असेल तर त्या औषधाला आधी परवानगी लागते का, हे त्यांच्या आरोग्य खात्याकडे ई-मेलने विचारून घ्या. सगळ्या गोळ्या कापून प्लास्टिकच्या डबीत वारांप्रमाणे भरण्याची आपली सवय या प्रवासापुरती बाजूला ठेवायची. इन्सुलिन असेल तर ते हातातल्या सामानात, चिठ्ठीसकट. 'शेजारणीने तिच्या मुलासाठी दिलेलं औषध' कुणाचंही घेऊ नका, कितीही जवळचं माणूस असलं तरी.

लग्न डिसेंबरात, जानेवारीत मॉरिशस. हॉटेल ग्रां बेला आहे. एजंटच्या पॅकेजमध्ये विमानतळ ते हॉटेल गाडी नाही. ती वेगळी घ्या म्हणतो आणि पैसे बरेच सांगतो. मित्र म्हणतो, बेट एवढंसं, उतरलात की उबर करा. काय करू?
— एक वाचक, नाशिक

उबर तिथे चालत नाही, ओलाही नाही. टॅक्सी बोलावण्याची स्थानिक ॲप आहेत, पण नवं सिम घालून, नवं ॲप उतरवून, नवऱ्या-नवरीने सामानावर बसून गाडीची वाट पाहावी, असं मला अजिबात वाटत नाही.

आधी नकाशा समजून घ्या. बेट उत्तर-दक्षिण सुमारे ६५ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे ४५ किलोमीटर. क्षेत्रफळ १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या तिपटीहून जास्त. विमानतळ आग्नेयेच्या कोपऱ्यात, माएबूर गावाजवळ. नाव सर शिवसागर रामगुलाम यांचं, देशाचे पहिले पंतप्रधान. पण तिथला माणूस त्याला अजूनही 'प्लेझान्स' म्हणतो, तेव्हा ड्रायव्हरच्या तोंडी ते नाव आलं तर दुसरीकडे नेतोय की काय अशी शंका नको. तुमचं ग्रां बे नेमकं विरुद्ध टोकाला, उत्तरेला. संपूर्ण बेट ओलांडून जायचं आहे. रस्ता मोकळा असेल तर सव्वा तास. सकाळी ऑफिसच्या वेळेला किंवा दुपारी साडेतीन-चारनंतर पोर्ट लुईभोवती अडकलात तर दोन तास धरा.

हा रस्ता मला फार आवडतो, म्हणून थोडं सांगते. विमानतळाबाहेर पडलं की दोन्ही बाजूंना ऊस. मोटरवे रोज बेल, नूव्हेल फ्रान्स करत वर चढत जातो. क्युरपिपच्या पठारावर, साडेपाचशे मीटर उंचीवर, हवा बदलते. खाली लख्ख ऊन सोडून आलेल्या गाडीच्या काचेवर इथे पाऊस असतो, कधी धुकंही. मग फिनिक्सकडून उतरायला लागलं की पुन्हा ऊन, आणि मोका पर्वतरांगेची अणकुचीदार टोकं दिसू लागतात. उत्तरेकडे जाणारे जाणकार ड्रायव्हर पोर्ट लुईत न शिरता वर्डनवरून तेर रूजला निघणारा रस्ता घेतात. तुमच्या ड्रायव्हरने तो घेतला तर तो तुमचा वेळ वाचवतो आहे. क्युरपिपवरून जाताना हलका शर्ट अंगावर असेल तर गारठा लागतो, एक पातळ जॅकेट वरच ठेवा.

गाडीचे तीन मार्ग. एक, हॉटेललाच ई-मेल करून विचारा. ग्रां बेची बहुतेक हॉटेलं गाडी पाठवतात. हॉटेलचा दर आणि एजंटचा दर शेजारी ठेवून बघा, मग एजंटला बोला. बहुतेक वेळा तो आकडा खाली येतो. दोन, विमानतळावरची अधिकृत टॅक्सी. बाहेर येणाऱ्यांच्या दालनात तिचं काउंटर असतं, भागाप्रमाणे दर ठरलेले असतात. तिथे आकडा विचारायचा, चिठ्ठीवर लिहून घ्यायचा, मग सामान उचलू द्यायचं. मॉरिशसमध्ये टॅक्सीला तिचा ठरलेला तळ असतो आणि तो गाडीच्या दारावर लिहिलेला असतो. दालनात मागे मागे येऊन 'माय फ्रेंड, चीप प्राइस' म्हणणाऱ्याच्या गाडीवर तसं काही दिसत नसेल तर हसून नको म्हणायचं आणि चालू लागायचं. तीन, बस. माएबूरहून पोर्ट लुईकडे जाणारी बस विमानतळावरून जाते. स्वस्त आहे, माणसं चांगली भेटतात. पण मोठ्या बॅगांना जागा नाही, संध्याकाळनंतर बस मिळत नाही, आणि ग्रां बेसाठी पोर्ट लुईत उतरून दुसऱ्या स्थानकावर जाऊन बस बदलावी लागते. पाठीवर एक सॅक घेऊन फिरणाऱ्याने जरूर जावं. तुम्ही नव्या नवरीला घेऊन, दोन ट्रंकवजा बॅगांसह जाऊ नका.

मेट्रोबद्दलही काहींनी विचारलं आहे. लार्सन अँड टुब्रोने बांधलेली ती मेट्रो छान आहे, पोर्ट लुई ते क्युरपिप धावते. विमानतळापर्यंत ती येत नाही.

ड्रायव्हर वाटेत जहाजांच्या लाकडी प्रतिकृतींचं दुकान दाखवू का, म्हणून विचारेल. काम सुंदर असतं आणि पुढच्या दिवसांत जाऊन बघाही, पण पहिल्या दिवशी नको. दमलेल्या माणसाला भावाची घासाघीस जमत नाही.

आता जानेवारी. हा तुमच्या पत्रातला न विचारलेला, पण सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. नोव्हेंबर ते मे चक्रीवादळांचा मोसम, आणि जानेवारी-फेब्रुवारी त्यातला ऐन भर. वादळ येईलच असं नाही. अनेक जोडपी जानेवारीत जाऊन उन्हात भाजून परत येतात. पण त्यांची इशारा देण्याची पद्धत माहीत असू द्या. वर्ग १ ते वर्ग ४ असे चार इशारे. वर्ग १ साधारण ३६ ते ४८ तास आधी देतात. वर्ग २ आणि ३ असे देतात की जोराचा वारा सुरू होण्याआधी लोकांना अनुक्रमे बारा आणि सहा तास दिवसाउजेडी मिळावेत. ताशी १२० किलोमीटर वेगाचे झोत नोंदले गेले की वर्ग ४. वर्ग ३ लागला की बस, दुकानं, कचेऱ्या बंद होतात आणि विमानतळही बंद होतो. १५ जानेवारी २०२४ रोजी बेलाल वादळात पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून मोटारी वाहून गेल्या होत्या आणि विमानतळ बंद ठेवावा लागला होता. म्हणून तुमच्यासाठी दोन गोष्टी : प्रवास विम्यात 'हवामानामुळे रद्द किंवा उशीर' हे कलम आहे का ते वाचून घ्या, आणि परतल्याच्या दुसऱ्याच दिवशी कामावर रुजू होण्याचं कबूल करू नका. वर्ग २ लागला की विमान कंपनीला फोन करा, आणि वर्ग ३ लागल्यावर विमानतळाकडे निघायचंच नाही. हॉटेल ही सगळ्यात सुरक्षित जागा असते, तिथल्या लोकांना वादळाची सवय आहे.

आमच्या भजनी मंडळातल्या नऊ जणी यंदा गणपतीला मॉरिशसला जाणार आहोत. तिथल्या मराठी कुटुंबांनी बोलावलं आहे, कास्काव्हेलजवळ. आम्ही नारळ, दूर्वा, विड्याची पानं, एक छोटी शाडूची मूर्ती, उकडीसाठी तांदळाचं पीठ, टाळ आणि पखवाज नेणार आहोत. विमानतळावर अडवतील का?
— एक वाचक, रत्नागिरी

ताई, तुमचं पत्र वाचून फार आनंद झाला. रत्नागिरीहून निघून मॉरिशसच्या गणपतीला जायचं, हा प्रवास तुमच्या जिल्ह्याने आधीही केलेला आहे. तेव्हा पोट भरण्यासाठी, शिडाच्या जहाजातून. २ नोव्हेंबर १८३४ पासून करारावर मजूर यायला लागले, त्यात मुंबई बंदरातून चढलेले कोकणातले, साताऱ्याकडचे लोक होते. त्यांची नातवंडं-पतवंडं आज घरी बहुधा क्रेओल बोलतात. पण शाळेत मराठी शिकवतात, गणपतीत झाकरी हा गाण्याचा नाच घालतात, आणि गणेशचतुर्थीची तिथे देशभर सुट्टी असते. २०२३ मध्ये त्यांनी शिवाजी महाराजांचा पुतळाही उभारला. तुमचं भजन त्यांच्यापुढे होणार, याचं मोल मोठं आहे.

म्हणूनच सामानाबद्दल स्पष्ट सांगते, कारण नऊ जणी कस्टमच्या टेबलापाशी अडकल्या तर सणाचा रंग जाईल. ताज्या वनस्पती नेऊच नका. दूर्वा, विड्याची पानं, फुलं, आंब्याचा टाळा, केळीची पानं, सोललेला किंवा न सोललेला नारळ, यातलं काही नको. बेटाची शेती कीड आणि रोगांपासून जपण्यासाठी त्यांचे नियम कडक आहेत, परवान्याशिवाय रोपं, बिया, फळं चालत नाहीत. ऊस तर पूर्ण वर्ज्य आहे, आणि पाच फळांच्या परडीत उसाचा करवा घालायची कुणाला सवय असेल तर तिला आठवणीने सांगा. नारळ आणि केळी तिथे मुबलक आहेत, पूजेचं बाकीचं यजमानांच्या घरी असतंच. त्यांच्याकडे गेली कित्येक वर्षं गणपती बसतो आहे.

शाडूची मूर्ती मी नेणार नाही. माती ही अशा तपासणीत नेहमी संशयाची वस्तू असते, आणि मूर्ती टेबलावर ठेवून तिच्याबद्दल वाद घालण्याची वेळ येऊ नये. नेण्याची फारच इच्छा असेल तर पितळेची न्या. तांदळाचं पीठ, गूळ, मसाले दुकानातल्या बंद पाकिटात, छापील नावासकट न्या. घरी दळलेलं, पिशवीत गाठ मारलेलं नको. आणि कस्टममध्ये वस्तू जाहीर करणाऱ्यांसाठी असलेल्या लाल मार्गाने जाऊन 'फूड आयटम्स' असं स्वतःहून सांगा. सांगितलेली वस्तू फार तर काढून घेतात. न सांगता सापडली की प्रश्न तुमच्या खरेपणाचा होतो. पखवाजाला चामडं आहे, तेही सांगा. टाळ हातातल्या पिशवीत ठेवू नका, सुरक्षा तपासणीत प्रत्येकीची पिशवी उघडावी लागेल. नऊ जणींचे टाळ एकाच बॅगेत, कपड्यांत गुंडाळून, आणि त्या बॅगेला लाल फडकं बांधा.

हॉटेलऐवजी घरी राहणार आहात, तेव्हा यजमानांचं इंग्रजी पत्र प्रत्येकीजवळ हवं. त्यात त्यांचं नाव, पत्ता, फोन, तुम्ही किती दिवस राहणार हे सगळं, आणि सोबत त्यांच्या ओळखपत्राची प्रत. कशासाठी आलात, असं विचारलं तर खरं तेच सांगा : ओळखीच्या कुटुंबांकडे गणपतीला आलो आहोत. 'कार्यक्रम', 'शो' हे शब्द वापरू नका, त्यातून पैसे घेऊन काम करायला आलात असा अर्थ निघतो आणि त्याला वेगळा परवाना लागतो. नऊ जणींनी एकच उत्तर ठरवून ठेवा. पुढची एक अडकली तर मागच्या आठ जणींनी गलका करायचा नाही, बाजूला थांबायचं.

गाडी यजमान आणतील तेव्हा त्यांना माणसांइतकाच सामानाचा आकडा कळवा. नऊ माणसांची व्हॅन नऊ बॅगा आणि एक पखवाज घेत नाही. कस्टमच्या दारातून बाहेर आलात की समोर नावांच्या पाट्या धरून लोक उभे असतात, तिथेच त्यांना थांबायला सांगा. विमानतळापासून कास्काव्हेल पश्चिमेला, पाऊण ते एक तास. पुढे एखादा मोकळा दिवस मिळाला तर पोर्ट लुईला आप्रवासी घाटावर जा. २००६ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. ज्या दगडी पायऱ्या चढून मजूर बेटावर आले त्या अजून तिथे आहेत. पायऱ्या अरुंद आहेत आणि जागा अगदी लहान. तुमच्यापैकी एखादीने तिथे हळू आवाजात एक अभंग म्हटला तर मला आवडेल.

सिमकार्ड, पैसे, यूपीआय यांबद्दल थोडक्यात सांगाल का?
— एक वाचक, ठाणे

सिम विमानतळावरच घ्या, बाहेर येण्याच्या दालनात एमटेल आणि माय.टी यांची काउंटरं आहेत, पासपोर्ट दाखवावा लागतो. जोडून दिल्यावर काउंटर सोडण्यापूर्वी घरी एक फोन लावून बघा. चलन मॉरिशसचा रुपया, आपल्या जवळपास पावणेदोन-दोन रुपयांचा एक. तिथे थोडेच पैसे बदला, टॅक्सी आणि पहिल्या दिवसाच्या जेवणापुरते. यूपीआय आणि रुपे फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथे सुरू झाले, मोठ्या दुकानांत चालतात. रस्त्यावरच्या ढोलपुरीवाल्याला मात्र नोटाच लागतात, आणि ती डाळ भरलेली ढोलपुरी चुकवू नका. प्लगसाठी ब्रिटिश पद्धतीचा तीन चौकोनी पिनांचा अडॅप्टर घरून न्या.

आईला गुडघ्यांचा त्रास आहे, जास्त चालवत नाही. जुलैत नेऊ का, आणि हॉटेल कुठल्या बाजूचं घेऊ? परतीचं विमान रात्रीचं आहे, हॉटेल मात्र सकाळी अकराला सोडायचं आहे.
— एक वाचक, कोल्हापूर

जुलैत जरूर न्या. तो तिथला हिवाळा, घाम नाही, वादळांची भीती नाही. पण वारा असतो, आग्नेयेकडून सतत वाहणारा. त्यामुळे त्या दिवसांत पूर्व किनाऱ्यावरचं बेल मार दिसायला कितीही सुंदर असलं तरी आईंना बाहेर बसवणार नाही. पश्चिमेला फ्लिक आं फ्लाककडे डोंगरांची आड आहे, समुद्र शांत आणि ऊन उबदार. विमानतळापासून तासाभराचा रस्ता. माझं मत विचाराल तर आईंसाठी पश्चिमच.

व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा, निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी विमान कंपनीला फोन करून नोंद आहे ना ते पुन्हा विचारा. उतरताना मात्र घाई करू नका. सगळे बाहेर पडेपर्यंत जागेवर बसून राहायचं, मदतनीस विमानाच्या दाराशी येतो. तो इमिग्रेशनपासून सामानाच्या पट्ट्यापर्यंत आणि पुढे गाडीपर्यंत नेतो. आईंचा पासपोर्ट तुमच्याकडे ठेवा, तिच्याकडे फक्त चष्मा आणि स्वेटर. टॅक्सी ठरवताना उंच पायरीची व्हॅन नको, साधी कार हवी, हे आधी सांगा. गुडघेदुखीवाल्या माणसाला व्हॅनची पायरी फार जड जाते.

परतीच्या दिवशी आधी हॉटेलला विचारा, थोडे जास्त पैसे घेऊन खोली संध्याकाळपर्यंत देतात का. देत असतील तर ते पैसे द्या, आईंसाठी तो सर्वात चांगला खर्च आहे. देत नसतील तर टॅक्सी दिवसभरासाठी ठरवून, सामान तिच्यात ठेवून, दुपारीच आग्नेयेला या. ब्लू बे विमानतळापासून पंधरा मिनिटांवर आहे, सागरी उद्यान आहे, आणि काचेच्या तळाची बोट किनाऱ्यालगत मिळते. बोटीत चढताना पाण्यात उतरावं लागतं, म्हणून आईंनी सावलीत बसायचं आणि तुम्ही फिरून यायचं. जवळच माएबूर, तिथे सोमवारचा बाजार भरतो. व्हॅनिलाच्या शेंगा आणि गडद साखर तिथून घ्या. वाळूत सापडलेले शंख, पोवळ्यांचे तुकडे मात्र खिशात घालू नका, ते बाहेर नेणं बेकायदा आहे आणि तपासणीत दिसतं.

आम्ही चौघं मित्र. विमानतळावरच गाडी भाड्याने घेऊन स्वतः चालवत फिरणार आहोत. काही अडचण?
— एक वाचक, पुणे

गाडी डाव्या बाजूने चालते, तेव्हा हाताला सवय आहे. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट आरटीओतून काढून न्या, मूळ लायसन्सही सोबत. भाड्याची अनामत क्रेडिट कार्डावर अडकवतात, डेबिट कार्ड बहुधा चालत नाही, हे आधी विचारा. गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंचा, छताचा आणि चाकांच्या तबकड्यांचा व्हिडिओ काढा, कर्मचारी समोर असताना.

वर्तुळाकार चौक खूप आहेत. आत असलेल्याला, म्हणजे तुमच्या उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, आणि ते लोक हा नियम खरोखर पाळतात. पुण्याच्या सवयीने नाक घुसवलंत तर समोरचा थांबणार नाही. वेगाचे कॅमेरे आहेत. जूनअखेर ते डिसेंबर उसाचा हंगाम, त्या काळात उसाने खच्चून भरलेल्या लॉऱ्या आतल्या रस्त्यांवर असतात आणि रस्त्यावर उसाची कांडी पडलेली असते, त्यावरून चाक घसरतं. गावातल्या रस्त्यांना पदपथ नाहीत, उसाच्या भिंतीतून माणूस एकदम पुढे येतो.

महाशिवरात्रीच्या आठवड्यात गाडी घेऊच नका. देशभरातून लोक कावडी घेऊन गंगा तलावाकडे चालत निघतात, रस्ते त्यांचे असतात. त्या दिवसांत जाणारच असाल तर गाडी बाजूला लावा आणि त्यांच्याबरोबर चालत जा.

आणि विमान रात्री उतरत असेल तर त्या रात्री गाडी घेऊ नका. टॅक्सीने माएबूर किंवा पॉइंट देस्नीला जाऊन झोपा, आणि सकाळी परत येऊन गाडी घ्या. दहा-पंधरा मिनिटांचंच अंतर आहे. आरक्षण करताना ताबा घेण्याची वेळ सकाळी नऊची टाका, म्हणजे रात्रीचं भाडंही वाचेल.